आधी मोजायच्या, मग वेचायच्या: ठाणे खाडीतल्या तिसऱ्यांचा एक हंगाम

तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले शिंपले, वेचायचं काम भिंतीवरचं पंचांग बघून सुरू होतं. चिखलात उतरायची पाळी नंतर येते. खाडीकाठच्या बायकांचा आडाखा जुना आणि सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, आणि त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. द्वितीयेला दीडला भरती, साडेसातला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असतो. पाणी धड मागे हटत नाही आणि तिसऱ्यांची खाजणं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे, बुडालेलीच राहतात. कामाचे दिवस उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यापुढचे चार दिवस. त्या दिवसांत ओहोटी सकाळी सव्वापाच ते नऊच्या दरम्यान येते. खाडीच्या आत जितकं जावं तितका आडाख्यात थोडा उशीर धरावा लागतो. पाणी पूर्ण उतरायच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात निघायचं, म्हणजे हातात दोन तास. महिन्याला दोन उधाणं, म्हणून कामाचे दिवस फार तर दहा.

नवी मुंबईच्या बाजूच्या बारा जणींच्या बचत गटाने ऑक्टोबर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ज्या पद्धतीने हे काम केलं, ती पद्धत इथे मांडत आहोत. तिसऱ्या म्हणजे आमच्याकडच्या शिवल्या. खुबे आणि कालवं या दुसऱ्या शिंपल्यांचा उल्लेख लागेल तिथे येईल. एवढा खटाटोप करायचं कारण असं की, पूर्वी मिळेल ती तिसरी, मोठी-बारकी सगळी, चिखलासकट पाटीत भरून वाट्यावर विकली जायची. होळीपर्यंत खाजण रिकामं व्हायचं आणि पुढचे तीन महिने बायका रोजगार शोधत फिरायच्या. कमी वेचून जास्त मिळकत होते का, हे आम्हाला बघायचं होतं. होते, पण त्यासाठी आधी बरंच काही सोडावं लागतं.

पहिली सोडली ती सगळ्यात जवळची जागा.

ठाणे खाडीचं दुखणं काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने १९६०च्या दशकापासूनचे, आणि दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी वेगळं. खाडी ठाण्याकडे अरुंद होत जाते. तिथलं पाणी भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे हेलकावतं, चटकन समुद्राला मिळत नाही. तिसरी काय किंवा कालव काय, पाणी आत ओढून, गाळून त्यातलं बारीक अन्न खातात. त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात येतं. इथे एक फरक मनात पक्का बसवायला हवा. जंतूंची घाण आणि धातूंची घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू तिसरीच्या पोटात असतात. स्वच्छ पाण्यात ठेवली की ती पोट साफ करते आणि ते बरेचसे बाहेर पडतात. शिसं, कॅडमियम, पारा मात्र तिच्या मांसात मुरतात. ते दोन दिवसांच्या पाण्याने जात नाहीत, उकळल्यानेही जात नाहीत. ज्या खाजणातल्या तिसरीत धातू जास्त, त्या खाजणाला टाकीचा काहीच उपयोग नाही. म्हणून टाकीवर पैसा घालण्याआधी तपासणी करायची.

प्रत्येक खाजणातून वेगवेगळ्या दहा ठिकाणच्या मिळून किलोभर तिसऱ्या घ्यायच्या आणि त्याच खाडीच्या पाण्यात वरचा चिखल धुवायचा. नळाचं पाणी अजिबात नको. गोड्या पाण्यात तिसरी तोंड मिटते आणि मरायला लागते. स्वच्छ नव्या पिशवीत भरून बर्फाच्या डब्यात ठेवायच्या, पण बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये जाड कापड हवं. नमुना त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवायचा. तिथे 'पाणी-मासे तपासा' असं मोघम सांगायचं नाही. शिसं, कॅडमियम, पारा आणि ई-कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) अशी चार नावं लिहून द्यायची. आलेला आकडा ताडून बघायला दोन खुणा उपयोगी पडतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात तिसऱ्या किंवा शिणाणे (खडकाला चिकटणारे काळसर-हिरवे शिंपले) यांसारख्या शिंपल्यांत कॅडमियमची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम आहे. युरोपात शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय २३०च्या आत असेल तरच शिंपला थेट विकता येतो. ४६००पर्यंत असेल तर शुद्धीकरण करून विकायचा, आणि त्याच्या वर गेला तर तो माल टाकीच्या आवाक्यातला नव्हे. तपासणी दोनदा हवी, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांत साठलेलं सगळं एका दमात खाडीत येतं.

घरापासून दहा मिनिटांवरचं, नाल्याच्या तोंडाजवळचं खाजण या तपासणीत नापास झालं. निम्म्या गटाला ते पटलं नाही. "आमच्या सासवांनी जन्मभर तिथल्याच खाल्ल्या," हा मुद्दा आला आणि तो खोटा नव्हता. पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांत त्या नाल्याला कारखान्यांचं पाणी नव्हतं. शेवटी ज्या काकींनी सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्यांनीच विचारलं, "ही नातवाला द्याल का?" त्यानंतर त्या खाजणाचा विषय निघाला नाही. खालच्या अंगाची, खाडी रुंद होते तिकडची चार खाजणं ठरली. होडीने जायला पाऊण तास आणि वर डिझेलचा खर्च. खाडी घाण झाल्याची किंमत कोण मोजतं, हे या डिझेलच्या पावतीवर स्पष्ट दिसतं.

ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यानचा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. त्यामुळे जागा ठरवण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी बोलून हद्द नीट समजून घ्यावी. तिवरांच्या (कांदळवनातल्या झाडांच्या) मुळांत खणायचं नाही, फांदी तोडायची नाही आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित (फ्लेमिंगो) चरत असतील त्या चिखलाकडे वळायचं नाही. हे नियम कागदावर नसते तरी पाळावेत असेच आहेत. तिवराच्या सावलीतला चिखल हाच बारक्या जिवांचा पाळणा असतो.

आता मोजणी. हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून सगळ्यात आधी टाळला जातो.

प्लॅस्टिकच्या पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट करायची. खाजणावर पन्नास मीटरची दोरी सरळ ताणायची आणि दर पाच मीटरवर चौकट टाकायची. चौकटीतला चिखल वीतभर खोल काढून बारीक जाळीतून पाण्यात हलवायचा. उरलेल्या तिसऱ्या मोठ्या आणि बारक्या अशा वेगळ्या मोजून परत तिथेच सोडायच्या. चौकट पाव चौरस मीटरची असते, म्हणून सरासरीला चाराने गुणलं की एका चौरस मीटरचा आकडा येतो. हिशेब असा मांडायचा: दहा चौकटींत मिळून मोठ्या ३५ निघाल्या तर चौकटीला साडेतीन, चौरस मीटरला १४. खाजण शंभर मीटर बाय पन्नास, म्हणजे पाच हजार चौरस मीटर असेल तर मोठ्या तिसऱ्या सुमारे सत्तर हजार. त्यातला तिसरा हिस्सा हंगामभरात काढायचा असं ठरवलं तर तेवीस हजार. मोठ्या तिसऱ्या किलोत पन्नास बसतात असं धरलं तर एका खाजणाचे साधारण साडेचारशे किलो. चारपैकी तीन खाजणं चालू आणि एक दरवर्षी आळीपाळीने विश्रांतीला, म्हणजे हंगामाचे साडेतेराशे-चौदाशे किलो. आठ महिन्यांत वाटले तर महिन्याला पावणेदोनशेच्या आत. हा आकडा पाहून चेहरे उतरतात, कारण पूर्वी एका उधाणात तेवढा माल निघायचा. पण तो निघायचा म्हणूनच होळीनंतर काही निघत नव्हतं.

मोजणी चुकते ती बहुधा एकाच ठिकाणी. तिसरी चिखलाखाली असते, पण तिच्या दोन नळ्यांची जोडभोकं वर दिसतात. आम्ही त्यांना डोळे म्हणतो. सरावलेला हात नकळत डोळे दिसतात तिथेच चौकट टाकतो आणि आकडा दुप्पट येतो. म्हणून चौकट टाकणारीने दोरीवरची गाठच बघायची, चिखल बघायचा नाही. आमची पहिली मोजणी याच कारणाने पुन्हा करावी लागली.

किती छोटी तिसरी घ्यायची नाही, हेही मोजूनच ठरवावं. आमची मर्यादा ३५ मिलिमीटर लांबीची, आणि ती गटाने घातलेली आहे. मुद्दा असा की, पकडण्याआधी तिसरीने निदान एकदा तरी बी सोडलेलं असावं. लांबी प्रत्येकीची मोजत बसणं शक्य नाही, म्हणून चाळणी लागते. इथे एक फसगत आहे. ३५ मिलिमीटरची भोकं पाडून आणलेल्या चाळणीतून जवळजवळ सगळा माल खाली गेला. तिसरी चाळणीतून जाते ती जाडीवर, लांबीवर नव्हे. शंभर तिसऱ्यांची लांबी आणि जाडी मोजली तेव्हा कळलं की जाडी लांबीच्या जेमतेम निम्मी भरते. मग लोखंडी सळ्यांची, १८ मिलिमीटर फटींची चाळणी करून घेतली. जात बदलली की ही फटही बदलते. खुबे फुगीर असतात, त्यांना ही चाळणी चालणार नाही. चाळणी होडीतच हवी. बारक्या त्याच ओहोटीला, त्याच खाजणावर, ओल्या चिखलात विरळ पसरून सोडायच्या. ढीग करून टाकल्या तर उन्हाने मरतात आणि उरलेल्या चिंबोऱ्या फोडतात. पसरलेल्या असल्या तर भरतीचं पाणी वर येताच पाय काढून आत शिरतात.

वेचायला आखूड दांड्याचं खुरपं आणि बोटं पुरतात. दाताळ्याने माल झपाट्याने निघतो, पण दाते बारक्यांची कवचं फोडतात आणि चिखलाचा वरचा थर उलटतो. गटात दाताळ्याला बंदी आहे. पाटीपेक्षा कांद्याची जाळीची पोती बरी, पाण्यात हलवली की चिखल तिथेच गळतो. गमबूट घालू नयेत. चिखल त्यांना ओढून धरतो आणि पाय बुटातून निघतो, बूट चिखलातून निघत नाही. घट्ट नाडीचे कापडी बूट आणि आत जाड मोजे चांगले. कालवांच्या कवचाने पाय कापला तर जखम चिघळते, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकीचं झालेलं असावं. चिखल खोल असेल तिथे पाच फुटी फळी सोबत ठेवावी. पाय रुतला तर ओढायचा नाही, फळीवर अंग टाकून हळूहळू मोकळा करायचा. एकटीने कधीच जायचं नाही. पाणी फिरतं तेव्हा ते समोरून येताना दिसत नाही. आधी मागच्या ओहळांत भरतं, आणि परतीची वाट तुटल्यावर लक्षात येतं. म्हणून एकीचं काम फक्त ओहळावर नजर ठेवून शिट्टी मारायचं. तिचा वाटा वेचणारीइतकाच.

माल घरी आला की पहिली निवड. दोन तिसऱ्या एकमेकींवर वाजवायच्या. जिवंत तिसरीचा आवाज दगडासारखा टणक येतो. पोकळ किंवा बद्द आवाज आला तर ती मेलेली, किंवा आत नुसता चिखल भरलेली असते. अशी एक चिखलभरली तिसरी टोपात गेली तर सगळं कालवण वाया जातं आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. उघडी असून टिचकी मारल्यावर मिटत नाही, तीही बाजूला.

मग टाकी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची शुद्धीकरणाची पद्धत साधी आहे आणि बचत गटाला झेपते. गाळलेल्या खाऱ्या पाण्यात बारा तास ठेवायच्या, पाणी काढून जोराच्या धारेने घाण धुवायची, पुन्हा ताज्या पाण्यात बारा तास, मग दर दशलक्ष भागांत ३ भाग क्लोरीन असलेल्या पाण्यात एक तास आणि शेवटी स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुणं. या चोवीस तासांत दहा ते वीस टक्के पाणी सतत बदलत राहायचं. हे सांगायला दोन ओळी लागल्या, जमायला दोन महिने लागले.

पाणी आणायचं ते भरती पूर्ण भरत आली असताना, खालच्या रुंद खाडीतून. ओहोटीचं पाणी वरच्या नाल्यांची घाण घेऊन येतं. रात्रभर निवळू द्यायचं, मग वाळूच्या पिंपातून आणि त्यानंतर जाड कापडातून गाळायचं. खारेपणा मोजायचं छोटं यंत्र घ्यावंच. टाकीतल्या पाण्याचा खारेपणा खाजणातल्या पाण्याच्या एकपंचमांशाहून जास्त वर-खाली गेला की तिसरी तोंड उघडत नाही. तोंड मिटून बसलेली तिसरी चोवीस तास काय, चार दिवस ठेवली तरी साफ होणार नाही. पाणी फिकं असेल तर मिठागरातलं जाडं मीठ शंभर लिटरला एक किलो घातलं की खारेपणा हजारी दहाने वाढतो. थोडीशी कसर भरायला हे चालतं. गोड्या पाण्यात नुसतं मीठ कालवून खाडीचं पाणी होत नाही.

पाचशे लिटरच्या टाकीत चाळीस किलोच्या वर माल घालायचा नाही. भाजीचे जाळीदार क्रेट विटांवर, तळापासून तीन-चार बोटं उंच ठेवायचे, म्हणजे पडलेली घाण खाली राहते आणि तिसरी ती पुन्हा ओढून घेत नाही. क्रेटमधला थर चार बोटांपेक्षा जाड नको, खालच्यांना तोंड उघडायला जागा लागते. हवेचा पंप सतत चालू हवा, पण बुडबुडे क्रेटच्या खालून सोडायचे नाहीत, तळाची घाण उसळते. आम्ही पहिल्यांदा पंप नेमका तिथेच ठेवला होता. वीज गेली तर उन्हाळ्यात दोन-तीन तासांत तिसऱ्या माना टाकतात, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप राखीव असावा. एप्रिल-मे महिन्यांत टाकी सावलीत असूनही पाणी तापतं. अशा वेळी कधी टाकीभर पाणी अचानक दुधासारखं पांढरं होतं. ते सडणं नव्हे, तिसऱ्यांनी ताणापायी बी सोडलेलं असतं. ते पाणी तसंच राहिलं तर प्राणवायू संपून सगळा माल जातो. पाणी लगेच काढून चोवीस तासांचं घड्याळ पहिल्यापासून सुरू करायचं.

क्लोरीनचा हिशेब वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे. पाचशे लिटरला दीड ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या ब्लीचिंग पावडरीत ते तीस टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून पावडर पाच ग्रॅम. बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन फक्त वरची निवळ टाकीत घालायची. पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडर कस सोडते, म्हणून लहान पुड्या घ्याव्यात. अंदाजाने मूठभर जास्त टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जास्त क्लोरीनला तिसरी तोंड मिटते आणि मांसाला वास धरतो. वापरलेलं पाणी एक दिवस उन्हात उघडं ठेवल्याशिवाय खाडीत सोडायचं नाही.

एक धोका या टाकीने जात नाही, तोही सांगायला हवा. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते शिजवूनही टिकतं. १९९७ साली केरळात विळिंजमला शिणाण्यांतून अशी विषबाधा झाली होती. पाण्याचा रंग लालसर, तपकिरी किंवा गडद हिरवा झालेला दिसला, मासे मरून वर आले, तर त्या उधाणाला काम बंद. पाणी नेहमीसारखं झालं तरी तपासणीशिवाय विक्री सुरू करायची नाही.

विक्रीत अडचण येते ती पंचांगाचीच. उधाणाचे दिवस तिथीवर ठरतात, मासे खायचे दिवस वारावर. आमच्या गिऱ्हाइकांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे पुष्कळ. त्यात वद्य चतुर्थी, म्हणजे वेचायला उत्तम ओहोटीचा दिवस, नेमकी संकष्टी. पूर्वी माल त्याच दिवशी विकावा लागायचा, म्हणून उपासाच्या दिवशी वाटा निम्म्या भावात जायचा. टाकीने सगळ्यात मोठा फायदा दिला तो इथे. शुक्रवारी वेचलेली तिसरी शनिवारी टाकीत साफ होते आणि रविवारी सकाळी पूर्ण भावाला जाते. त्याहून जास्त थांबायचं असेल तर पाण्यातून काढून, ओल्या गोणपाटाखाली, थंड जागी दोन दिवस जिवंत राहते. बर्फ वितळून त्याचं गोडं पाणी तिच्यावर ठिबकता कामा नये.

वाट्यावर विकणं बंद करून किलोवर आणलं, आणि मालाचे दोन भाग केले. निम्मा माल जिवंत, कवचासकट. तो घेणारी बाई विळीवर स्वतः उघडून एकशिपी (एका शिंपीसकटचं कालवण) करणारी असते आणि तिला आतली रेती गेलेली असणं याचंच मोल असतं. उरलेल्या मालाचं मांस काढून. वाफेवर तोंडं उघडली की लगेच उतरवायचं नाही. आतला भाग नव्वद अंशांवर दीड मिनिट तरी राहिला पाहिजे, विषाणूंसाठी तेवढं लागतं. चाळीस किलोचं मांस जेमतेम चार किलो भरतं, पावसाआधीच्या दिवसांत त्याहून कमी. म्हणून मांसाचा भाव ठरवताना कवचासकटच्या भावाच्या दहापट, अधिक इंधन, अधिक सोलण्याचे तास, असा हिशेब आधी मांडावा. हे न करता बाजारातल्या कोलंबीकडे बघून भाव लावला तर प्रत्येक किलोमागे तोटा होतो आणि तो कळतही नाही, कारण बायका स्वतःचे तास धरतच नाहीत. पाव किलोच्या पिशव्या, वर तारीख आणि नोंदणी क्रमांक. अन्न परवान्याची मूळ नोंदणी विक्री सुरू करण्याआधीच करून घ्यावी.

तास धरणं हा गटातला खरा वादाचा विषय. चिखलात उतरणाऱ्या तरण्या, टाकी बघणाऱ्या दोघी, सोलायला बसणाऱ्या आजी-काकी, बाजारात बसणारी एक. वेचणाऱ्यांना वाटत होतं की जोखीम आपली, तर वाटा मोठा हवा. पण टाकीवर रात्री दोनदा उठणारी झोपली तर चाळीस किलो जातात. शेवटी सगळ्यांचा तास एका भावाचा आणि चिखलाच्या तासाला सव्वापट असं ठरलं. वहीत रोज तिथी, खाजण, वेचलेले किलो, परत सोडलेल्या बारक्यांचा अंदाज, टाकीत मेलेल्यांचं वजन आणि प्रत्येकीचे तास लिहायचे. मेलेल्यांचा रकाना सगळ्यात कामाचा. तो वाढला की पाणी, पंप किंवा होडीतलं ऊन यांपैकी कुठे तरी चूक आहे.

वेचण्याऐवजी कालवं किंवा शिणाणे दोरांवर वाढवावेत, असं आम्हाला बरेच जण सांगतात. केरळात कासरगोडकडे बायकांच्या गटांनी १९९०च्या दशकापासून शिणाण्यांची शेती करून दाखवली आहे. मीटरभर दोराला एक-दीड किलो बी सुती जाळीने बांधतात. जाळी दोन-तीन दिवसांत कुजून जाते, तोवर बी दोराला चिकटलेलं असतं, आणि पाच-सहा महिन्यांत माल तयार होतो. पण त्याला समुद्राइतकं खारं पाणी लागतं आणि पाऊस पडायच्या आत सगळं काढावं लागतं. आमच्या खाडीत पावसाळ्यात पाणी फार फिकं होतं आणि पाण्याची प्रत हा प्रश्न आहेच. त्यामुळे ते उरण-अलिबागकडच्या मोकळ्या पाण्याचं काम वाटतं. ज्यांच्याकडे पाणी चांगलं आहे त्यांनी कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेची आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी जरूर करावी. दुसरीत महिलांना खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. पैसे बहुधा काम झाल्यावर मिळतात, म्हणून आधी घालायच्या रकमेची सोय करूनच अर्ज करावा.

जून लागला की काम थांबतं. पहिल्या पावसाचं पाणी खाडीत सगळ्यात वाईट असतं, खारेपणा उतरतो, आणि पुढे श्रावण येतो तेव्हा गिऱ्हाईकही नसतं. केरळातल्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी पाळतात, कारण तिथला वीण्याचा काळ तो आहे. तिथे २०१४ साली या मासेमारीला देशातलं पहिलं एमएससी, म्हणजे टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय, प्रमाणपत्र मिळालं. तिथले महिने उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. बारक्या कधी दिसायला लागतात, हे आपल्याच वहीत बघून बंदीचे महिने ठरवायला हवेत. आम्ही सध्या जूनच्या पहिल्या पावसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत थांबतो.

सोललेली कवचं पूर्वी गावामागे ढिगाने पडायची. आता ती उन्हात चांगली वाळवून, मांसाचा वास पूर्ण गेल्यावर, मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला विश्रांतीच्या खाजणाच्या कडेने, जिथे चिखल फार पातळ आहे तिथे, पसरून टाकतो. कालवाचं बी कठीण पृष्ठभागाला बसतं, त्याला ती उपयोगी पडतात. तिसऱ्यांच्या मधल्या मऊ चिखलात मात्र टाकायची नाहीत, पुढच्या वर्षी वेचणारीचे हात कापतात. ऑक्टोबरच्या पहिल्या उधाणाला पुन्हा दोरी, चौकट आणि जाळी घेऊन जायचं. नखाएवढ्या तिसऱ्या चौकटीत किती आल्या ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं, आणि त्यावरून चौथं खाजण उघडायचं की अजून एक वर्ष तसंच ठेवायचं ते ठरतं.